ताणणारं ब्रेसलेट आणि अंगठी घरी कशी डिझाइन करायची: मोजमापापासून शेवटच्या कडीपर्यंत

आमच्या आजोबांच्या एचएमटीला स्प्रिंगचा स्टीलचा पट्टा होता, हूक नाही बकल नाही, मुठीवरून सरकवला की बसला मनगटावर. आणि काढताना दोनचार केस घेऊनच निघायचा! मी लहानपणी तो ताणून ताणून बघायचो आणि ओरडा खायचो. तेव्हापासून डोक्यात होतं की असं काहीतरी आपण बनवायचं, आणि गेली काही वर्षं हौस म्हणून बनवतोय. चुका भरपूर झाल्या, बऱ्याचशा मोजमापाच्या. म्हणून या लेखात कड्या जोडण्यापेक्षा हिशोबावर जास्त बोलणार आहे, कारण एकदा आकडे बरोबर आले की जोडायचं काम टीव्ही बघत बघत होतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. यात धातू ताणत नाही. स्टील, पितळ, चांदी काहीही घ्या, कडी आहे तेवढीच राहते. ताणतं ते दोन कड्यांच्या मधलं अंतर, आणि ते परत जागेवर आणायला काहीतरी लागतं: स्प्रिंग, रबर किंवा इलॅस्टिक दोरी. या तिघांपैकी काय निवडताय त्यावर पुढचं सगळं ठरतं.

स्प्रिंगवाला प्रकार आधी उरकून टाकू

घड्याळाच्या त्या पट्ट्यात पोकळ चपट्या नळ्यांचे दोन थर असतात, एक वरचा एक खालचा, आणि खालचा थर वरच्यापेक्षा अर्ध्या घराने पुढे सरकलेला. कडेने यू आकाराच्या छोट्या पिना दोन्ही थरांना बांधतात आणि प्रत्येक नळीत एक बारीक वाकडी पत्ती असते, तीच स्प्रिंग. पट्टा ओढला की पिना तिरक्या होतात, पत्ती दबते, सोडलं की पत्ती पिनांना परत सरळ करते. अमेरिकेत स्पायडेल कंपनीने 1959 साली ट्विस्ट-ओ-फ्लेक्स नावाने असा पट्टा आणला आणि तो प्रचंड चालला, त्याची गाठ मारून दाखवायचे म्हणे जाहिरातीत. जर्मनीत फोर्झहाइम या दागिन्यांच्या गावात फिक्सोफ्लेक्स बनायचा, तत्त्व तेच.

हे घरी शून्यापासून बनवायच्या भानगडीत पडू नका. एका पट्ट्यात कितीतरी स्प्रिंगा, त्या नळ्या पत्र्यातून एकसारख्या वाकवायला डाय, म्हणजे पोलादी साचा, लागतो. त्यापेक्षा जुना पट्टा मिळाला तर त्याचं ब्रेसलेट करा: आतल्या बाजूला नळीच्या कडेला दुमडलेली छोटी जीभ असते (स्प्रिंगची पत्ती नव्हे) ती बारीक स्क्रूड्रायव्हरने उचला, यू पिन बाजूला सरकवून काढा, हवी तितकी घरं कमी करा (वरची आणि खालची सारखीच काढायची, नाहीतर टोकं जुळत नाहीत), परत पिना घालून जीभ दाबा. दोन टोकं एकमेकांना जोडली की बिनघड्याळाचं ब्रेसलेट तयार. इटालियन चार्म ब्रेसलेट म्हणून 9 मिमी रुंदीचे जे सुटे चौकोनी दुवे मिळतात ते याच घराण्यातले, 18 दुवे लावले की साधारण 162 मिमी होतात, तिथे डिझाइन म्हणजे फक्त कोणता दुवा कुठे एवढंच.

सोन्यात हवं असेल तर? इटलीची फोपे कंपनी 18 कॅरेट सोन्याच्याच अगदी बारीक स्प्रिंगा साखळीच्या आत लपवते. पण आपल्याकडे घरोघरी आवडतं ते 22 कॅरेट, आणि ते स्प्रिंगसाठी फार मऊ, वाकलं की वाकलेलंच राहतं. त्यामुळे सोनाराला "हेच 22 मध्ये करून द्या" म्हणालात तर तो हसेल, आणि बरोबर हसेल.

आपला प्रकार: धातूच्या कड्या आणि रबरी ओ-रिंग

घरी करण्यासारखा आणि दिसायलाही झकास असा हा प्रकार. एक धातूची कडी, एक काळी रबरी ओ-रिंग (पंपाच्या सांध्यात गळती थांबवायला बसवतात ते गोल रबरी वळं), परत कडी, परत ओ-रिंग, असं गोल. हूक लागत नाही. काळा आणि चंदेरी रंग एकत्र छान दिसतो आणि केस फारसे ओढले जात नाहीत.

आता मोजमाप. पहिल्यांदा मी बहिणीसाठी केलं तेव्हा तिचं मनगट मोजलं, तेवढ्याच लांबीचं ब्रेसलेट केलं, मनात म्हटलं ताणतंय ना मग काय. हातात गेलंच नाही. अंगठ्याच्या बुंध्याशी अडकलं ते अडकलंच, जोर लावला तर कडी उघडली. कारण ब्रेसलेटला दोन मापं असतात, एक बसल्यावरचं आणि एक हातातून जातानाचं, आणि दुसरं माप मी घेतलंच नव्हतं.

हे दुसरं माप आपल्याकडे प्रत्येक बाईला तोंडपाठ असतं, फक्त ती त्याला बांगडीचा नंबर म्हणते. कासाराकडे सव्वादोन, दोन-सहा, अडीच म्हणतात तो बांगडीचा आतला व्यास आहे इंचात, आणि आणे म्हणजे इंचाचे सोळा भाग. सव्वादोन म्हणजे 2-4, व्यास 57 मिमी, परीघ जवळजवळ 180 मिमी. दोन-सहाचा परीघ 190, अडीचचा (2-8) 200, दोन-दहाचा 210. दोन आणे वाढले की परीघ 10 मिमी वाढतो, लक्षात ठेवायला एकदम सोपं. जी घट्ट बांगडी हातात जाते तिचा परीघ म्हणजेच तुमचं "जातानाचं" माप. पुरुषांना नंबर माहीत नसतो, त्यांनी अंगठा आत करंगळीकडे दुमडायचा आणि हाताच्या सगळ्यात रुंद भागावरून टेप फिरवायची.

मग वजाबाकी करा. समजा मनगट 150 मिमी, बांगडी दोन-सहा म्हणजे 190. फरक 40 मिमी. तुमच्या ब्रेसलेटला किमान एवढं ताणता आलं पाहिजे. हा फरक वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, सगळं डिझाइन याच्याभोवती फिरतं.

एक ओ-रिंग किती देते?

इथे गंमत आहे. आपल्याला वाटतं रबर ताणतं म्हणून लांबी वाढते. खरंतर आधी गोल रिंग चपटी होते आणि त्यातच बरीच लांबी मिळते, रबर स्वतः ताणायच्या आधीच. गोलाचा अर्धा परीघ व्यासाच्या 1.57 पट असतो, म्हणजे रिंग पूर्ण चपटी झाली तर व्यासाच्या 0.57 पट लांबी जास्त मिळायला हवी, पण आत कडीची तार असल्यामुळे ती पूर्ण चपटी होत नाही. म्हणून सूत्र असं:

मिळणारी लांबी = 0.57 × (ओ-रिंगचा आतला व्यास − कडीच्या तारेची जाडी)

5 मिमी आतला व्यास असलेली ओ-रिंग आणि 18 गेजची तार (1.2 मिमी) घेतली तर 0.57 × 3.8, म्हणजे सुमारे 2.2 मिमी. 4 मिमीची ओ-रिंग घेतली तर 1.6 आणि 6 मिमीची घेतली तर 2.7. आपल्याला हवेत 40, तर 40 भागिले 2.2, साधारण 18 ओ-रिंगा. त्यावर रबर स्वतः जे ताणेल तो बोनस, तो हिशोबात धरू नका, फार तर एखाददुसरी ओ-रिंग कमी करताना धरा.

आणि हो, दिसायला भारी वाटतं म्हणून एका जागी एकाऐवजी दोन कड्या शेजारी शेजारी घालायचा मोह होतो. घाला, पण त्या दोन तारा ओ-रिंगमध्ये जागा खातात आणि 2.2 चं जेमतेम 1 मिमी होतं. उलट, दोन ओ-रिंगा शेजारी शेजारी लावल्या तर लांबी तेवढीच राहते, फक्त ओढ दुप्पट होते. मी एकदा पितळी पट्ट्यांच्या मध्ये ओ-रिंगच्या जोड्या लावल्या आणि म्हटलं आता दुप्पट ताणेल. झालं असं की ते हाताला रक्तदाबाच्या पट्ट्यासारखं आवळून बसलं! ओ-रिंगा एकापुढे एक लागल्या तरच लांबी मिळते.

बसल्यावरची लांबी

आता उलट बाजूने तपासायचं. साखळी ताठ असताना प्रत्येक कडी आणि प्रत्येक ओ-रिंग आपापल्या आतल्या व्यासाइतकी लांबी देते. 5 मिमीची कडी अधिक 5 मिमीची ओ-रिंग म्हणजे एक जोडी 10 मिमी. पण ब्रेसलेटला जाडी असते, ते मनगटावर थोडं वर तरंगतं, म्हणून मनगटाच्या मापात 3.14 × जाडी मिळवायची. या साखळीची जाडी 6 मिमी धरा, म्हणजे 19 मिमी. 150 अधिक 19, झाले 169. म्हणजे 17 जोड्या, 170 मिमी.

ताणासाठी 18 हव्या होत्या, लांबीसाठी 17 आल्या. चालेल, 17 × 2.2 म्हणजे 37 मिमी आणि उरलेले 3 रबर आरामात देतं. असं जवळ जवळ जुळलं की समजा डिझाइन झालं.

प्रत्येकाचं असं जुळत नाही. समजा मनगट 170 आणि बांगडी अडीच. फरक फक्त 30, म्हणजे 14 ओ-रिंगा पुरे. पण लांबी हवी 170 + 19 = 189. 14 ओ-रिंगांचे 70 गेले, उरले 119, ते 14 कड्यांत वाटले तर एकेक कडी साडेआठ मिमीची. म्हणजे कड्या मोठ्या घ्यायच्या, किंवा काही ठिकाणी कडीऐवजी पत्र्याची पट्टी. पट्टी लावताना एक लक्षात ठेवा, ओ-रिंग कापायची नसते त्यामुळे ती पट्टीच्या भोकातून थेट जात नाही, पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक छोटी कडी लागते आणि तिची लांबीही मोजावी लागते. लांबलचक पट्ट्या लावल्या की ओ-रिंगांना जागाच उरत नाही, तो माझा आवळणारा प्रयोग आठवा.

सामान आणि कुठलं घ्यायचं

ओ-रिंग दागिन्यांच्या दुकानात शोधत बसू नका, बेअरिंग आणि सीलच्या दुकानात जा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला, बाकी गावात पंप दुरुस्तीवाल्याकडे विचारा. माप "आतला व्यास गुणिले जाडी" असं सांगायचं: 5 × 1.5. दुकानदार विचारेल कुठल्या मशीनला, सांगा हाताला.

रबराचे प्रकार महत्त्वाचे आहेत. नायट्राइल सगळीकडे मिळतं, स्वस्त, तेलाला दाद देत नाही पण ऊन आणि हवेतल्या ओझोनने त्याला बारीक चिरा पडतात. ईपीडीएम उन्हात छान टिकतं पण तेलाशी त्याचं जमत नाही, म्हणजे डोक्याला तेल चोळून तोच हात ब्रेसलेटला लावणाऱ्यांनी जपून. सिलिकॉन मऊ, अंगाला चांगलं, रंगीत मिळतं, पण धारेला लागलं की लगेच फाटतं. मी रोजच्या वापराला ईपीडीएम घेतो.

आणि चांदीवाल्यांनो इकडे लक्ष द्या. काळं रबर बहुतेकदा गंधक घालून पक्कं केलेलं असतं, आणि गंधक म्हणजे चांदीचा शत्रू. चांदीच्या कड्या काळ्या ओ-रिंगला चिकटून राहिल्या की तिथेच काळ्या पडतात, कितीही घासा. तांब्याचंही तेच. चांदी वापरायचीच असेल तर सिलिकॉन घ्या.

धातूत सुरुवात ॲल्युमिनियमपासून करा, वजनाला स्टीलच्या एक तृतीयांश, हाताने वाकतं, चुकलं तरी जीवाला लागत नाही. मात्र ते मऊ, जोरात ओढलं तर कडी उघडते. हात बसला की स्टेनलेस स्टील, 304 किंवा 316 ग्रेडचं. स्वस्त पॉलिशच्या कड्यांमध्ये निकेल असू शकतं, ज्यांना खोट्या कानातल्यांनी खाज सुटते त्यांनी त्या टाळाव्यात.

कड्या बनवणं

तयार कड्या मिळतात, पण हवं ते माप मिळेलच असं नाही. विणकामाच्या सुया घ्या, त्यांच्यावर मिलिमीटरमध्ये नंबर असतो, याहून सोपं साधन नाही. 5 मिमीच्या सुईवर तार घट्ट, एकाला एक चिकटून गुंडाळायची, स्प्रिंगसारखी. सोडल्यावर ती थोडी सैलावते आणि आतला व्यास सुईपेक्षा जास्त होतो, ॲल्युमिनियमला किंचित, स्टीलला बऱ्यापैकी. म्हणून आधी पाचसहा वेढेच घ्या, मोजा, गरज पडली तर एक नंबर बारीक सुई घ्या, मगच सगळी तार गुंडाळा. एका कडीला 3.14 × (5 + 1.2) म्हणजे साडेएकोणीस मिमी तार, 17 कड्यांना 33 सेंमी, पण 60 घ्या, वाया जातेच.

कापायला कटर वापरला तर एक टोक चिमटलेलं, धारदार राहतं. सोनारी करवतीने कापलं तर दोन्ही टोकं सपाट येतात आणि कडी बंद केल्यावर सांधा दिसत नाही. वेळ लागतो, तीनचार पाती तुटतात, तरी करवतच घ्या. माझं पहिलं कटरने कापलेलं ब्रेसलेट चार दिवसांत तुटलं कारण कडीच्या धारेने ओ-रिंग आतून चिरली. म्हणून कापल्यावर प्रत्येक टोकावरून बारीक कानस फिरवा, मग 600 नंबरचा पॉलिश पेपर, आणि शेवटी कडी बोटांत फिरवून बघा, कुठेही खरखर लागता कामा नये. हे कंटाळवाणं आहे आणि इथेच बहुतेक जण घाई करतात.

जोडणी

दोन चपट्या पकडी लागतात, आतून गुळगुळीत, दातेवाल्या नकोत, ओरखडे पडतात. नसतील तर दात्यांवर कागदी टेप गुंडाळा.

कडी उघडताना टोकं बाहेरच्या बाजूला फाकवायची नाहीत, गोल बिघडतो. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, दार उघडल्यासारखं. उघड्या कडीत दोन ओ-रिंगा ओवा आणि तसंच उलट फिरवून बंद करा, बंद करताना टोकं एकमेकांच्या थोडी पुढे नेऊन किंचित आत दाबत परत आणा, टिक असा बारीक आवाज येतो, तो आला की सांधा घट्ट. पुढची कडी: शेवटच्या ओ-रिंगमधून घाला, एक नवी ओ-रिंग ओवा, बंद. असं सोळाव्या कडीपर्यंत, सतराव्या म्हणजे शेवटच्या कडीत नवी ओ-रिंग नाही. शेवटची कडी पहिल्या ओ-रिंगला जोडायच्या आधी साखळी टेबलावर सपाट ठेवून पीळ पडलेला नाही ना ते बघा, नाहीतर गोल पूर्ण झाल्यावर कळतं आणि मग परत उघडा.

मग हातात घाला. आत जाताना जोर लागला पण कडी उघडली नाही तर ठीक. तासभर ठेवा. काढल्यावर कातडीवर खोल वण राहिले तर एक जोडी वाढवा. हात खाली सोडल्यावर तळव्याकडे घसरत असेल तर एक कमी करा.

रुंद पट्टा हवा असेल तर दोन ओळी करता येतात, प्रत्येक धातूच्या कडीत दोनऐवजी चार ओ-रिंगा, दोन डावीकडे दोन उजवीकडे. कडी 6 मिमीची घ्या म्हणजे दाटी होत नाही. ओढ दुप्पट होणार, त्यामुळे ओ-रिंग 1.5 ऐवजी 1 मिमी जाडीची शोधा.

अंगठी

हिशोब तोच, आकडे लहान, आणि चुकायला जागा कमी. बोटाच्या बुंध्याचा परीघ आणि सांध्याचा परीघ मोजा, कागदाची अरुंद पट्टी गुंडाळून खूण केली की झालं. संध्याकाळी मोजा, सकाळपेक्षा बोटं थोडी फुगलेली असतात. समजा बुंधा 54, सांधा 60. फरक फक्त 6.

3 × 1 ची ओ-रिंग आणि 21 गेजची तार (0.8 मिमी) घेतली तर एक ओ-रिंग 0.57 × 2.2, सव्वा मिमी देते. म्हणजे पाच ओ-रिंगा पुरतात. आणि हे बरंच आहे, कारण सगळी अंगठी अशा साखळीची केली तर शेजारच्या बोटांना टोचते, मूठ मिटत नाही. म्हणून वरच्या बाजूला पत्रा आणि तळव्याकडे साखळी, निम्मं निम्मं.

साखळीत पाच ओ-रिंगा आणि सहा कड्या, सगळ्या 3 मिमीच्या, एकूण 33 मिमी. तळव्याकडची निम्मी बाजू 27 मिमी, तिच्यात साखळीच्या जाडीचे (4 मिमी धरून) 6 मिळवले की तेही 33. वरची पट्टी मात्र पातळ, 0.8 मिमी पितळी पत्र्याची, तिला फक्त एक मिमी जास्त लागतो, म्हणजे एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत 28. भोकं दीड मिमीची आणि काठापासून किमान दीड मिमी आत, नाहीतर काठ फाटतो. भोकं पत्रा सपाट असतानाच पाडायची, नंतर वाकवायचा, बोटाएवढ्या गोल दांड्यावर लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत. (ब्रेसलेटच्या पट्ट्या मी आईच्या जुन्या लाटण्यावर वाकवतो. तिला ते अजून माहीत नाही.) पट्टीवर नक्षी, अक्षर, खडा जे करायचं ते वाकवायच्या आधी.

अंगठीच्या कड्यांना ॲल्युमिनियम नको, एवढ्या बारीक तारेत ते टिकत नाही. पितळ किंवा स्टील. आणि ताणणारी अंगठी आहे म्हणजे कुठे अडकली तर आपोआप निघेल असं समजून ड्रिल मशीन किंवा लेथवर घालून काम करू नका, ती आधी बोट ओढते, मग सुटते.

ओ-रिंगा झिजणार हे धरूनच चला. दोनचार महिन्यांनी ब्रेसलेट ताणून उजेडात धरा, रबरावर आडव्या बारीक चिरा दिसल्या की तेवढीच रिंग बदला, शेजारची एक कडी उघडून दोन मिनिटांचं काम आहे. म्हणून घेतानाच वीसपंचवीस ओ-रिंगा जास्त घ्या आणि त्या झाकणाच्या डबीत, अंधारात ठेवा. मी खिडकीत ठेवल्या होत्या, पावसाळा संपेपर्यंत कडक झाल्या.